धबधब्यामागचे आप्पा

आप्पा, तुम्हाला लिहायचं किती वर्षं ढकलत आलोय. पहिली ओळ आली की वही मिटायची आणि समोर येईल ती एसटी धरायची, हेच चाललंय. आज विट्याच्या हॉलवर वायरी गुंडाळून झाल्यात, टेम्पो यायला तास आहे, म्हणून बसलोय.

आधी काम सांगतो. सांगलीच्या एक बाई गावोगाव लोकांना डोळ्यांवर पट्टी बांधून बसवतात, एकच आवाज ऐकवतात आणि विचारतात, काय दिसलं? जो जे सांगेल ते रेकॉर्ड करून पुढच्या गावाला ऐकवायचं. याला कला म्हणतात. मी स्पीकर उचलतो. दहिवडीत एका मेंढक्याचं कुत्रंही येऊन बसलं होतं, पण ते राहू दे.

तुम्ही कोइमतूरला गलाईच्या दुकानात सोनं वितळवायचा आणि पत्राऐवजी कॅसेट भरून पाठवायचा. आई भाकरी थापत टेप लावायची. तुमच्या बोलण्यामागं सारखी भर्रर्र. मी शाळेत सांगितलं, आमचं आप्पा धबधब्यामागं राहत्यात. आईनं ते कळवलं असणार, कारण पुढच्या कॅसेटमध्ये तुम्ही म्हणताय, "व्हय गड्या, लय मोठा धबधबा हाय. कापडं वाळंनात." आई हसतेय, भाकरी करपतेय. मग त्याच कॅसेटवर आमचं उत्तर भरून ती परत तुम्हाला जायची. म्हणून जुनं तुमचं काहीच उरलं नाही.

शेवटची कॅसेट तुम्ही गेल्याची खबर आल्यावर पोचली. "आत्ता न्हाई ऐकवत. कवातरी ऐकंन," म्हणत आईनं ती ट्रंकेत ठेवली. एका दुपारी ती रानात गेली आणि मी रेकॉर्डचं लाल बटण दाबलं. कॅसेट आली की उत्तर भरायचं, एवढंच मला ठाऊक. मी कंडक्टर झालो. "विटा, विटा! आप्पा, उतरा, घर आलं." सेल संपेपर्यंत ओरडलो. शेवटाला तुमची नुसती भर्रर्र तेवढी वाचली.

गेल्या महिन्यात ती कॅसेट आईला न विचारता उचलली. ती भर्रर्रच आम्ही लावतोय. पलूसच्या म्हातारीला उसाचा पेटलेला फड दिसला, दहिवडीच्या मेंढक्याला रिकामा होणारा पाण्याचा टँकर. आज इथं गलाईत आयुष्य काढलेले एक म्हातारे पट्टीखालनंच म्हणाले, "बर्नर हाय ह्यो. आन् माणूस तितंच बसलाय."

बाई म्हणाल्या, "पण बोलत तर कुणीच नाही."

"आवं, मुशीत सोनं पातळ व्हाया लागलं की बोलत न्हाईत. मुशीकडं बघत्यात. झालं की मग पुढचं बोलत्यात."

मला वाटायचं, टेपच्या त्या वाचलेल्या तुकड्यात तुम्ही नाहीच, मीच पुसलंय तुम्हाला. तर तुम्ही होता. गप्प बसून मुशीकडं बघत.

दारात कुणीतरी चपला काढतंय. आई. एकटीनं कधी एसटीत न बसलेली आई आज गावाहून विट्याला आलीय.

"ट्रंकंत न्हाई, ह्यांची कॅसेट तुज्याकडं हाय व्हय रं? आज ऐकती मी. लाव. पयल्यापासनं लाव."

आप्पा, वही मिटतोय. पहिला आवाज माझा आहे, हे मी तिला अजून सांगितलेलं नाही.