पडद्यामागून पाहिलेला मुलगा

म्हैसूर,
फेब्रुवारी १९५०

प्रिय जगन्नाथराव,

गेल्या रविवारी तुम्ही जिला पाहून गेलात आणि जिच्या तोंडून ‘हं’खेरीज एक अक्षर तुम्हाला ऐकायला मिळालं नाही, तीच कावेरी हे लिहितेय. सुपारी फुटायच्या आधी मुलीनं मुलाला पत्र लिहू नये, आणि लिहिलंच तर ‘प्रिय’ मुळीच लिहू नये, हे मला कळतं. पण ‘श्रीयुत’ लिहून पाहिलं, तर कचेरीत अर्ज केल्यासारखं वाटलं. खोडून टाकलं.

तुमचा होकार पोचला. आमचा येसाजीदादा इतका खूश आहे की येणाऱ्या-जाणाऱ्याला कॉफी पाजतोय. येत्या रविवारी तो तुमच्याकडे कृष्णराजनगरला बोलणी पक्की करायला येणार. पसंतीचं कारणही तुमच्या आईंनी कळवलंय, मुलगी अबोल आहे. पाहायच्या दिवशीसुद्धा त्या म्हणाल्याच होत्या, “नम्म घरात बोलायला मी एकटी साकु, पुरे झाले! सून गप्प असली की आयतु, दुसरं काही नको.” सगळे हसले. तुम्ही मात्र कॉफीच्या पेल्यात बघत बसलात. त्या बघण्याचा अर्थ मला अजून लागलेला नाही, आणि माझं सगळं घोडं तिथंच अडलंय.

आता दुसरी गोष्ट. तुमच्या गावाबाहेर तंबूतला सिनेमा येतो, तिथं तुम्ही दर शनिवारी जाता. तिसऱ्या बाकावर, खांबाशेजारी. खंडोजीरावांच्या त्या तंबूत बोलपटाचं यंत्र नाही. भंगाराच्या भावात आणलेले जुने मुके इंग्रजी विनोदी पट, आणि पडद्यामागून सगळ्यांच्या आवाजात बोलून ते समजावून सांगायला आमचा दादा. त्यातही तुम्ही येता ते टिल्डा फेनसाठी. आमच्याकडे सगळे तिला टिल्डम्मा म्हणतात. काय बाई आहे हो ती! आजूबाजूला माणसं धावताहेत, घसरून पडताहेत, एकमेकांच्या तोंडावर केक मारताहेत, आणि ही मधोमध उभी राहून एकेक बोट सोडवत हातमोजे काढते. घाई म्हणून नाही. सगळ्यांचा गोंधळ घालून झाला की मान जराशी वाकडी करते आणि एकच वाक्य टाकते. तो नायक गुडघ्यावर बसून रडतो, ‘तुमच्यासाठी जीव देतो’ म्हणतो, तेव्हा ती सफरचंद सोलता सोलता म्हणते, “द्या की, पण आधी ती खुर्ची जागेवर ठेवा.” तुम्ही पाहायला आलात तेव्हा हेच वाक्य माझ्या भाच्याला सांगत होतात. वर म्हणालात, अशी हजरजबाबी बाई आपल्याकडे कुठली मिळायला!

जगन्नाथराव, ते वाक्य टिल्डाबाईंचं नाही. त्या इंग्रजीत काय म्हणतात ते मला आजवर ठाऊक नाही. ते माझं आहे.

बन्नूरला तंबू होता तेव्हा एकदा दादाचा घसा बसला. पुरुषांचं तो कसंबसं निभावत होता, बाईचा आवाज निघेना. मी पडद्यामागं त्याचा काढ्याचा तांब्या धरून बसले होते. राहवलं नाही, बोलून गेले. लोक असे हसले की दादानं पुढं मला थांबवलंच नाही. पण चांगल्या घरची मुलगी तंबूत बोलते म्हटलं तर कोण पदरात घेणार? म्हणून लोकांना वाटतं, येसाजीरावांच्या गळ्यातच बाई बसलीय. हारही त्यालाच मिळतात. मी मागून बघते, त्यामुळं चित्र उलटं दिसतं, आणि टिल्डम्मा मला कायम डावरीच वाटत आलीय.

पडद्याची शिवण एका जागी उसवलीय. तिथून मला तुम्ही दिसता. तुम्ही फार उशिरा हसता, माहीत आहे? सगळा तंबू हसून गप्प होतो, मग तुम्ही चष्मा काढता, आणि मग एकटेच हसता, खांदे हलवून. पहिल्यांदा माझं पुढचं वाक्य त्यात बुडालं, राग आला. पुढच्या शनिवारी मी थांबले. मग दर शनिवारी थांबायला लागले. चित्र पुढं सरकतंय, टिल्डम्माचे ओठ हलताहेत, आणि दादा कोपरानं ढोसतोय, “ए, सुम्ने, उगाच का थांबलीस? बोल की!” त्याला काय सांगू, की खांबाशेजारच्या माणसाचं हसून व्हायचंय? तुम्ही मला पाहायला रविवारी आलात. मी तुम्हाला सुगीपासून पाहतेय. तुमचं स्थळ आलंय हे कळलं तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन एकटीच हसले आणि भात करपवला. मला तुम्ही आवडता. फार आवडता. दाखवायच्या दिवशी मी तोंड उघडलं नाही ते लाजून नव्हे. उघडलं असतं तर तुम्ही आवाज ओळखला असता, आणि दादानं तोंड न उघडायची शपथ घातली होती.

शपथ रविवारपुरतीच होती, म्हणून आज लिहितेय. मी अबोल नाही. लग्नानंतर अबोल होईन असंही नाही, आणि शनिवारचं बोलणं मला सोडायचं नाही. तुम्हाला खरंच गप्प बायको हवी असेल तर तसं कळवा. नकार मी माझ्याकडून देईन, तुमच्यावर बोल येऊ देणार नाही, फक्त थोडे दिवस रडेन. आणि गप्प बायको नको असेल, तर हे आईंना तुम्ही सांगायचं, तुमच्या तोंडानं, दादा नारळ घेऊन यायच्या आत. कॉफीच्या पेल्यात बघून चालायचं नाही. मग शनिवारी त्यांना तंबूत घेऊन या आणि पहिल्या बाकावर बसवा. उद्या त्यांच्या चुलीशी बसून जी बोलणार आहे, तिला त्यांनी एकदा नीट ऐकून घ्यावं. त्या हसल्या नाहीत, तरी तुम्ही हसा.

तुमचीच व्हायला तयार, पण गप्प राहायला नाही,
कावेरी