एसीचं घर

साल्टपाँड,
३ जुलै १९३४

ती. एकुआताईस,
धाकट्या अराबाचा सा. न.

आपल्या शेजारची एसीवहिनी विधवा झाली. चाळिसाव्या दिवसाचे विधी आटोपले आणि नवऱ्याच्या भाच्याने तिची भांडी अंगणात आणून ठेवली. आपल्यात मामाचं घर भाच्याला जातं, हे मला कुणी शिकवायला नको. पण त्या घराच्या भिंती वहिनीने मासे धुरावून, विकून उभ्या केल्यात!

मी गोऱ्या साहेबाकडे गेले. तो म्हणाला, तुमच्या रूढींत आम्ही हात घालत नाही. राजांच्या दरबारात गेले, तर वडीलधारे म्हणाले, बाईने पुरुषाच्या तोंडून बोलावं. वहिनीला ना भाऊ, ना मामा. म्हणून मी बाजारातल्या बायकांची सभा बोलावली आहे.

रागावू नकोस.
तुझीच, अराबा

सेकोंडी,
११ जुलै

चि. अराबास, अनेक आशीर्वाद.

रागावू नको म्हणतेस, आणि कामं अशी करतेस! मिशनच्या शाळेत मास्तरीण होणं किती जणींच्या नशिबी असतं? ती नोकरी घालवून बसशील. इकडे रेल्वेत तुझ्या भावजींचे साहेबही चौकशी करायला लागले, तर? भावजी म्हणतात, तुझ्या बहिणीला नवरा नाही, म्हणून दुसऱ्यांच्या नवऱ्यांची घरं दिसतात. मी हसले नाही, एवढंच.

वहिनीला माझ्याकडे पाठव. पावाच्या भट्टीवर हाताशी कुणीतरी हवंच आहे. बाकीचं देवावर सोड.

काळजीत असलेली, ताई

साल्टपाँड,
९ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न.

वहिनी म्हणते, पाव भाजायला येईन, पण माझ्या घराला कुलूप लावून.

ऐन हेरिंग मासळीच्या दिवसांत नावा भरून आल्या आणि किनाऱ्यावर एकाही बाईने टोपली पुढे केली नाही. वहिनीला दरबारात बोलू देत नाहीत तोवर मासे घ्यायचे नाहीत, असं सभेत ठरलं होतं; आम्ही नुसत्या बसून राहिलो. नावाड्यांनी आधी थट्टा केली, मग शिव्या दिल्या. ऊन चढलं, मासे वास मारू लागले, तेव्हा तेच दरबारात धावले. वडीलधारे चिडून म्हणाले, बोलू द्या एकदाचं त्या बाईला!

वहिनी उभी राहिली. कुठली भिंत कुठल्या हंगामात बांधली ते तिने घडाघडा सांगितलं. निकाल असा, की घर भाच्याचंच. पण दोन खोल्या आणि धुरावणीची चूल ती जिवंत असेतो तिची. अर्धंच मिळालं, ताई. पण बाई स्वतःच्या तोंडाने बोलली!

नोकरी गेली. आता मासळीच्या छपराखाली बायकांना वाचायला शिकवते. त्या आंबवलेल्या मक्याची केंकी आणि मासे आणून देतात, उपाशी नाही.

माया असू दे.
अराबा

सेकोंडी,
२ सप्टेंबर

चि. अराबास, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र मी तुझ्या भावजींना वाचून दाखवलं आणि विचारलं, उद्या तुमचं काही झालं, तर मी कुठे जायचं? हे घर माझ्या भट्टीवर उभं आहे ना? ते ताटावरून उठून गेले. मग रविवारी चर्चमधून येताना स्वतःच त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्यांना घेऊन आले. सगळ्यांसमोर म्हणाले, की अर्धं घर एकुआचं, माझ्यामागे कुणी तिला हात धरून उठवायचं नाही. त्यांच्या बहिणीचा चेहरा बघायला तू हवी होतीस!

ही गोष्ट बाजारात पसरली. काल माझ्या अंगणात बायका मावेनात. मी सांगितलं, की माझी बहीण येईल, ती बोलेल. तर एकीने विचारलं, ती येईपर्यंत कोण बोलणार?

मग मीच उभी राहिले.

लवकर ये. तुझी वाट बघणाऱ्या आता पुष्कळ आहेत.
तुझी, ताई