ज्याचं रक्त त्यालाच

३ फेब्रुवारी, सोमवार

आज जालन्याला आलो. हसनाबादच्या फाट्यावर धम्मपालने मोटारसायकलवर आणून सोडलं. अडुसष्टाव्या वर्षी बाप नोकरीला निघाला म्हणून तो फुगलेला होता, लोकं मला काय म्हणतील असं वाटेत तीनदा म्हणाला. पण घरात बसून माझा जीव सारखा घाबरा होतो. गॅस बंद केला का, पाण्याची मोटर चालू राहिली का, नात शाळेतून अजून का आली नाही. सुनेने तर एकदा हात जोडले. कामात असलो की मन जागेवर राहतं.

दवाखाना तोंडाचा आहे. म्हणजे दातांचा नाही, चेहऱ्याचा. लोक इथे आजारी नसताना येतात. फरशी इतकी पांढरी की चप्पल घालून आत जायची लाज वाटली. मागच्या बाजूला मला खोली दिली आहे, पंखा आहे, नळाला पाणी आहे. कल्याण डॉक्टर तरुण आहेत, मला भिवामामा म्हणतात. औषधाच्या कंपनीची ही डायरी त्यांनीच दिली. मी सातवी नापास आहे, पण लिहायची सवय जुनी आहे. अक्षता सिस्टरने आल्या आल्या बजावलं, "मामा, इथं कोणाला वय इचारू नका, मार बसंल." खूप हसलो. चांगली जागा मिळाली.

५ फेब्रुवारी, बुधवार

काम समजलं. दारात बसायचं, पेशंटला पाणी द्यायचं, आणि रक्ताच्या नळ्या सिस्टरकडून यंत्रापर्यंत न्यायच्या. यंत्र गरागरा फिरतं. दही घुसळल्यावर लोणी वर येतं तसं तांबडं खाली बसतं आणि वर पिवळं पाणी राहतं. समोरासमोर दोन नळ्या ठेवल्या तरच ते नीट फिरतं, नाहीतर थरथरतं. एकच पेशंट असला तर समोर पाण्याची नळी ठेवायची.

डॉक्टरांनी दुपारी मला बसवून समजावलं, कारण पेशंट मलाच विचारतात. इथे मुख्य दोन गोष्टी चालतात. एक फिलर. त्याचं नाव हायलुरॉनिक ॲसिड. ॲसिड म्हटल्यावर मी दचकलो, तर ते हसले. भाजणारं नाही म्हणे, पाणी धरून ठेवणारी जेली आहे, आपल्या अंगातही असते. कंपनीची सुई भरूनच येते. गालाला खड्डा पडला असेल तिथे टोचली की लगेच भरतो. ठेवली तिथे बसते, वर्षभराने विरघळून जाते, आणि नकोशी झाली तर आधीही विरघळवता येते.

दुसरं पीआरपी. हे आपलंच रक्त. ते पिवळं पाणी परत आपल्याच तोंडात टोचतात. जखम भरून आणणारे कण त्यात असतात, ते कातडीला आतून कामाला लावतात. सावकाश होतं, महिन्या-महिन्याने तीन-चार वेळा घ्यावं लागतं. व्रण, मुरमांच्या खुणा, निस्तेज कातडी यासाठी ते बरं. पण एकदा गेलं की परत काढता येत नाही. आणि ज्याचं रक्त त्यालाच. दुसऱ्याचं गेलं तर काविळीपासून काय काय होईल. हे बोलताना त्यांचा चेहरा बदलला होता. मी मान हलवली.

८ फेब्रुवारी, शनिवार

सुमेधा नावाची मुलगी आली होती. आष्टीच्या शाळेत शिक्षिका, चौतीस वर्षांची. गालांवर मुरमांचे बारीक खड्डे, ओठाजवळ डाव्या बाजूला तीळ. मला "जय भीम, बाबा" म्हणाली आणि शेजारीच बसली. सोळा मार्चला पाहुणे बघायला येणार आहेत. आधीचे तिघं चेहरा बघूनच गेले, असं तिने हसत सांगितलं, पण हसू काही खरं नव्हतं. दोन्हींतलं काय घेऊ असं तिने मला विचारलं. मीही डॉक्टर असल्यासारखा बोललो. फिलर विकतचं, पीआरपी आपलं स्वतःचं. आपलं आपलं घ्यावं, असं सांगितलं. तिला पटलं.

संध्याकाळी डॉक्टरांनी मलाच विचारलं. एका चेहऱ्यावर दोन्ही करून फोटो लावायचा आहे, उजवीकडे फिलर, डावीकडे पीआरपी, म्हणजे लोकांना फरक दिसेल. माझे गाल दात गेल्यापासून बसले आहेत, म्हणून मी बरा. लोकांच्या भल्यासाठी करतो असं मी म्हणालो. खोटं लिहीत नाही. मला हवं होतं. तीन दिवसांपासून मी प्रत्येक आरशात गाल फुगवून बघत होतो. हे धम्मपालला कळलं तर मी हसनाबादेत तोंड दाखवणार नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

आज गर्दी फार. माझं रक्त सकाळीच काढलं. सिस्टर गडबडीत होती, म्हणाली, "मामा, आज पहिला नंबर तुमचा, टाका तुमच्या हातानं." मी माझ्या निळ्या पेनाने नळीवर १ लिहिला. दिवसभर डॉक्टरांना वेळ झाला नाही, नळी तशीच थांबली. शेवटी चार वाजता सुमेधा आली, तिचा नंबर नववा. पाण्याच्या नळीऐवजी माझीच नळी तिच्या नळीसमोर ठेवली, दोन्ही एकदमच फिरल्या.

आधी तिचं झालं. मग माझं. उजव्या गालात जेली गेली, जड वाटलं. डावीकडे पिवळ्या पाण्याच्या बारीक सुया. नळी दाखवून सिस्टरने विचारलं, ही तुमचीच ना. मी बघितलं, १ होता. हो म्हणालो.

नंतर कचऱ्याचा डबा बांधताना सुमेधाला टोचलेली रिकामी नळी हाताला लागली. तिच्यावर निळ्या पेनाने १ लिहिलेला. माझं अक्षर. मला टोचलेल्या नळीवर सिस्टरचा काळ्या शाईचा इंग्रजी नऊ होता. मला तो मराठी एक वाटला, सिस्टरला माझा एक इंग्रजी नऊ वाटला. शेपटीचा फरक, बाकी काही नाही.

नळी मुठीत धरून दाराशी गेलो. तेव्हा सुमेधा बाहेर रिक्षाची वाट बघत उभी होती. सांगता आलं असतं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सांगितलं नाही. डॉक्टरांच्या केबिनशी दोनदा गेलो. सांगायचं तर पहिल्यापासून सांगावं लागेल, की म्हाताऱ्याला गाल हवे होते. त्या पोरीला कळेल की तिच्या तोंडात माझं रक्त आहे. हळूच विचारलं, चुकून दुसऱ्याचं गेलं तर काय तपासण्या करतात. ते म्हणाले, मामा, काळजी करायचा तुम्हाला रोग आहे.

मला कसलाही आजार नाही. गेल्या वर्षी शिबिरात तपासलं होतं. म्हणजे तिला काही होणार नाही. हे मी दिवसभर स्वतःला सांगितलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

डॉक्टर खूश आहेत. उजवा गाल भरला, पण तो गाल मुका आहे, बोटाने दाबला तरी आपला वाटत नाही. डावा जिवंत आहे. सुरकुत्या गेल्या, कातडी घट्ट झाली. इतक्या लवकर एवढा फरक कधी बघितला नाही, असं म्हणून त्यांनी चार फोटो काढले.

फोटो काढताना सिस्टर म्हणाली, "मामा, अर्धीच दाढी केली व्हय?" मी दाढी केलीच नव्हती. डावीकडे उगवलीच नाही.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

डाव्या गालावर बारीक खड्डे आले आहेत. मला कधी मुरमं नव्हती.

सुमेधाचा फोन आला होता. सिस्टर मला हसत सांगत होती, त्या आष्टीच्या मॅडम लेझरचं विचारत होत्या, हनुवटीवर केस येऊन राह्यले म्हणे, पांढरे. मी बाहेर जाऊन नळाखाली तोंड धुतलं. पुन्हा धुतलं.

४ मार्च, मंगळवार

ओठाजवळ तीळ. डावीकडे. नखाने खरवडला, रक्त आलं, तीळ तसाच.

दाढ दुखते सांगून तोंडाला उपरणं बांधलं आहे. डॉक्टर बघू म्हणाले, मी बघू दिलं नाही. सकाळी दहाच्या सुमाराला डावा डोळा आपोआप वाहतो. उजवा कोरडा. त्या वेळी तिची शाळा भरत असेल. पोरं हसत असतील का तिला?

८ मार्च, शनिवार

खड्डे नाक ओलांडून उजवीकडे आले. जेली भरली आहे तेवढी जागा सोडून पुढे गेले. विकतचं आहे तेवढंच राहिलं, बाकी माझं काहीच—

दुपारी ओट्यावर बसले होते.

बसलो होतो. वर काय लिहिलं ते आत्ता वाचलं. खोडणार नाही. मी सातवी नापास असेन, पण एवढं चुकत नाही.

११ मार्च, मंगळवार

ती आली. महिना झाला म्हणून दुसऱ्या वेळेसाठी. तोंडाला स्कार्फ, फक्त डोळे दिसत होते. माझ्या तोंडाला उपरणं. समोरासमोर बसलो.

"बाबा, तुमाला काय झालं?" आवाज घोगरा.

दाढ म्हणून सांगितलं. ती म्हणाली, रोज सकाळी न्हाणीत दाढी करते, आई दाराबाहेर रडते. शाळेत आठ दिवसांपासून रजा टाकली. मग स्कार्फ जरा खाली ओढला. बसलेले गाल. हनुवटीवर विळ्याचा वण. ज्वारी कापताना लागला होता, मी बारा वर्षांचा होतो. छप्पन्न वर्षं हा वण मी रोज आरशात बघतो.

"तुमीच म्हणले होते ना, आपलं आपलं घ्यावं. हे माझंच हाय का मंग?"

मी म्हणालो, जल्दी बरं होईल.

हे मी म्हणालो. एवढंच. डॉक्टर घाबरले, कसल्या कसल्या तपासण्या लिहून दिल्या, मोठ्या दवाखान्यात जा म्हणाले. जाताना ती मला जय भीम म्हणाली.

१४ मार्च, शुक्रवार

धुळवड. दवाखाना बंद. सगळ्यांची तोंडं रंगलेली, माझ्याकडे कोणी बघितलं नाही. आज सांगायचंच. परतूरवरून आष्टीला पोहोचलो. घर सापडलं. तिची आई, बेबीनंदाबाई, उंबऱ्यातच बसलेली.

त्यांनी आपणहून सांगितलं. परवा पोरीच्या खोलीतून एक म्हातारा निघाला, पोरीचाच गाऊन घातलेला. आई म्हणून हाक मारत होता. गल्लीतल्या लोकांनी काठ्यांनी मारत स्टँडपर्यंत नेला. तेव्हापासून पोरगी न्हाई, फोन घरातच पडलेला. म्हाताऱ्यानेच तिचं काहीतरी केलं.

 मी म्हणालो, मावशी, मी दवाखान्यातून आलो, एक सांगायचं— माझा आवाज बारीक निघाला. त्यांनी मान वर केली. उठल्या. उपरणं ओढलं.

"सुमे! कुठं गेल्ती गं माय?"

गळ्यात पडल्या. नुसती हाडं, अंगाला भाकरीचा वास. मी त्यांना मिठी मारू दिली. सांगितलं नाही.

१५ मार्च

तिच्या खोलीत आहे. तिचा ड्रेस घातला. त्यांनी केस विंचरले, माझे केस एवढे कधी— उजव्या गालाला हात लावून म्हणाल्या, इथं सूज हाय, उतरंल.

ती कुठे असेल. अंगावर वळ असतील. हसनाबादला गेली असेल का? धम्मपाल तिला बाबा म्हणेल, जेवायला वाढेल.

एक वाक्य बोलायचं आहे. म्हाताऱ्याला गाल हवे होते. तेवढंच तोंडातून निघत नाही. तिने मार खाल्ला आणि मी वरण-भात जेवलो. जेवले. दोनदा मागून घेतला.

१६ मार्च, रविवार

पाहुणे आले. बाहेरच्या खोलीत बसलेत. पोह्यांचा वास. मला हाक येईल.

फाटकाशी गलका. म्हातारा पुन्हा आला म्हणतात. पाहुण्यांतले दोघं उठले. काठी कुणीतरी मागितली—

"आई, मी हाय. आई, मी सुमी." माझा आवाज. घोगरा, म्हातारा, माझाच. भिंतीपलीकडून.

मारू नका—

मी उठते. बाहेर जाऊन सांगते, ती तुमची पोरगी आहे, मी हसनाबादची— हसनाबादचा— नाव सांगते, माझं नाव भि—

बेबीनंदाबाई आत आल्या. दार लावून घेतलं. पदराने माझं तोंड पुसतात, भिऊ नको म्हणतात. बाहेर काठीचा आवाज. तिने एकदाच ओरडून

आता सांगते. आत्ताच. आई, मी—