दोन होड्या

रविवार, १८ फेब्रुवारी

प्रिय चिमे,

तुला आणि तुझ्या घरातल्या सगळ्यांना या थोरल्या भावाचे आशीर्वाद. आम्ही दोघं बरे आहोत. माझा गुडघा हवा बदलली की बोलायला लागतो, एरवी गप्प असतो. बाळचा खोकला गेला. गच्चीवरच्या गुलाबाला या वर्षी पानंच फार आली, फुलं नाहीत. तू असतीस तर म्हणाली असतीस, घरच्या माणसावर गेलाय.

तुझं अक्षर पाहून वर्ष होत आलं. फोनवर तू विचारतेस, "बाळ बरा आहे ना?" मी म्हणतो, "बरा आहे." मग आपण दोघं एकमेकांचा श्वास ऐकत बसतो. म्हणून म्हटलं, पत्रच लिहावं. बोलताना मला वाक्याचा शेवट सापडत नाही, कागदावर निदान खोडता तरी येतं.

आधी चांगली बातमी सांगतो. आपल्या बाळचं चित्र प्रदर्शनात लागलं!

तो जातो ती कार्यशाळा तू धावतपळत पाहिली होतीस. पूर्वी तिथे छापखाना होता. भिंतींना अजून शाईचा वास येतो असं मला वाटतं. तिथल्या चित्रकलेच्या बाई म्हणतात, तो माझ्या नाकातच आहे. उंच खिडक्या, मेणकापड घातलेली लांब टेबलं, रंगांच्या बरण्या. ज्यांच्या हाताची पकड कच्ची आहे त्यांच्या ब्रशच्या दांड्यांना सायकलची जुनी ट्यूब गुंडाळून जाड केलेलं. कागद सरकू नये म्हणून चारी कोपऱ्यांना चिकटपट्टी. आपल्या बाळसारखीच माणसं येतात. कुणाला बोलणं आलंच नाही, कुणाचा हात त्याचं ऐकत नाही. एकजण दिवसभर गुणगुणत असतो, त्याला सगळे गुणगुण्याच म्हणतात. बाळ रेघा सरळ मारतो म्हणून तो तिथे 'मिस्त्री'. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाळ म्हणणारे आता आपण दोघंच उरलो, चिमे.

मीही तिथे मदतीला बसतो. ब्रश धुवायचे, गढूळ झालेलं पाणी बदलायचं, शेजारी बसून राहायचं. बाईंनी पहिल्याच दिवशी मला दोन गोष्टी बजावल्या होत्या. त्याच्या कागदाला आपण हात लावायचा नाही. आणि चित्राखाली एक पांढरी पट्टी असते, तिच्यावर काढणारा जे बोलेल तेच लिहायचं, त्याच्याच शब्दांत. तो काही बोलला नाही तर पट्टी कोरी ठेवायची.

"कोरी पट्टी म्हणजे चूक नव्हे, आजोबा," असंही म्हणाल्या होत्या.

प्रदर्शनाला गर्दी छान होती. बाळच्या चित्रापुढे जो तो थबकायचा. पिवळीधम्मक जमीन, तिच्यावर शेजारी शेजारी दोन लांबट आकार, एक तपकिरी, एक निळा. वरच्या अंगाला पांढरा चौकोन, त्यात आडव्या-उभ्या रेघा. आणि दोन्ही आकारांच्या मधोमध वर एक गोल. खाली पट्टीवर लिहिलं होतं, 'पैलतीराला लागलेल्या दोन होड्या'.

एका गृहस्थांनी ते वाचून चष्मा काढून पुसला. एका बाईंनी दोनदा मोठ्याने वाचलं आणि विचारलं, "हे कुणाला सुचलं हो?" मी म्हटलं, "आमचे आईवडील गेल्यापासून हा हेच चित्र काढतो. दोघं पार झाले, मध्ये चंद्र उभा आहे." त्या बाईंचे डोळे भरून आले. आपल्या शाळेतल्या मराठीच्या बाई तिथे असत्या, तर भावार्थाला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. आठवतं ना, त्या कविता चालीवर म्हणायच्या आणि आख्खा वर्ग खिडकीबाहेर बघायला लागायचा? मी तर अजून तिथेच बघत बसलोय, असं तू मला नेहमी म्हणायचीस.

बाळ उठलेला दिसतोय. दूध तापवायला ठेवतो. पुढचं नंतर लिहीन.


सोमवार, दुपार

दूध तापायला दिवस लागत नाही, हे तुला सांगायला नको. काल पेन खाली ठेवलं, कारण पुढचं वाक्य खरं लिहावं लागणार होतं. वर लिहिलेलं फाडून नवं पत्र सुरू करावं असंही मनात आलं. पण राहू दे. मी कसा आहे ते तुला ठाऊकच आहे, आणखी एक पुरावा.

'दोन होड्या' हे शब्द बाळचे नाहीत. माझे आहेत.

तो ती पट्टी कोरीच ठेवून उठला होता. मला ते बघवेना. आपल्या वेळी उत्तरपत्रिकेत कोरी जागा सोडली की गुण गेलेच म्हणून समजायचं. ती सवय हातातून गेलीच नाही. शिवाय तेच चित्र तो महिनोन् महिने काढत होता. पिवळी जमीन, तपकिरी, निळा, चौकोन, गोल. मला वाटलं, एवढं मनापासून काढतोय म्हणजे यात काहीतरी खोल असणार. आणि खोल म्हटलं की मला नदी दिसते, होडी दिसते, पैलतीर दिसतो. बाई दुसऱ्या टेबलाशी होत्या. मी सुवाच्य अक्षरात लिहून टाकलं.

आता प्रदर्शनात खरं काय झालं ते ऐक. बाळ चित्राशेजारी इस्त्रीचा सदरा घालून उभा होता. कुणी पट्टी वाचून मान डोलावली की तो पुढे यायचा, त्या माणसाचं बोट धरायचा आणि तपकिरी आकारावर टेकवायचा. मग तेच बोट स्वतःच्या छातीवर. मग निळ्यावर, आणि तिथून पलीकडे उभ्या असलेल्या गुणगुण्याकडे. प्रत्येकाला. न कंटाळता. लोक गोंधळून माझ्याकडे बघायचे आणि मी माझं पुराण लावायचो, आई, वडील, चंद्र.

शेवटी गुणगुण्याचं गुणगुणणं थांबलं. ते थांबलं की सगळी खोली चपापते, पंखा बंद पडल्यासारखी.

"आजोबा, तुम्ही फार बोलता," तो म्हणाला.

"अरे, मी समजावून सांगतोय लोकांना."

"मिस्त्री सांगतोय ना. मिस्त्रीला सांगू द्या."

मी हसण्यावारी नेलं. मग बाळने काय केलं असेल? खिशातून रुमाल काढला, थुंकी लावली आणि पट्टीवरची माझी अक्षरं पुसायला लागला. शाई पसरली. कागद फाटला. तो रागावला नव्हता गं. ताटाखाली सांडलेलं पुसावं इतक्या शांतपणे पुसत होता.

बाई आल्या. त्यांनी मला लोकांसमोर एक अक्षर विचारलं नाही. बाजूला नेलं आणि म्हणाल्या, "मागची खोली तुम्ही पाहिलीय का कधी?"

मागे म्हणजे वसतिगृह. अंगणापलीकडचं, तेच, ज्याचा विषय तू गेल्या वर्षी काढलास. मी तिथे वर्षभर पाऊल टाकलं नव्हतं. जेवणानंतर बाळ तासभर तिकडे जाऊन पडतो, हे मला माहीत होतं. पण कुठे, कुणाच्या खोलीत, हे मी कधी विचारलं नाही. हट्टच तो, दुसरं काय!

तू स्वयंपाकघरात उभी राहून म्हणाली होतीस, "दादा, तू हिंडताफिरता आहेस तोवरच त्याला तिथे रुळू दे. उद्या तुला काही झालं तर त्याला एका दिवसात कुठे नेऊन टाकायचं?" मी म्हणालो, "आईला शब्द दिलाय मी." तू म्हणालीस, "आईला दिलास. बाळला विचारलंस?" त्यावर मी जे बोललो ते इथे पुन्हा लिहीत नाही. तू हातातलं भांडं ओट्यावर ठेवलंस आणि संध्याकाळच्या गाडीने गेलीस. ते बोलणं खोटं होतं, चिमे. बोलतानाही मला ते माहीत होतं.

तर बाईंनी मला त्या खोलीत नेलं. बाळ आमच्या पुढे चालत होता, घर दाखवायला पाहुण्यांना नेतात तसा. दार ढकललं. खाली पिवळी फरशी. शेजारी शेजारी दोन खाटा. एकीवर निळं पांघरूण, ती गुणगुण्याची. दुसरीवर तपकिरी, ती रिकामी. तिथला माणूस मध्यंतरी आपल्या बहिणीकडे राहायला गेला. वर पांढरी खिडकी, गजांची. दोन खाटांच्या मधोमध भिंतीवर गोल घड्याळ.

बाळने बूट काढले, तपकिरी खाटेखाली जोडीने नीट लावले आणि खाटेवर बसला. गुणगुण्या समोर बसला आणि त्याचं सुरू झालं. बाळने माझ्याकडे पाहिलं. आपल्या घरी मी त्याचे बूट रोज उचलून जागेवर ठेवतो, माहीत आहे ना तुला?

महिनोन् महिने तो मला एकच गोष्ट सांगत होता, चांगल्या जाड ब्रशने, सरळ रेघांत, आणि मी त्यात नदी ओतत होतो.

बाई म्हणाल्या, "मला पहिलं चित्र पाहिलं त्याच दिवशी ओळखू आलं होतं, खाटाच आहेत त्या. पण मी लिहिलं नाही. ते मिस्त्रींनी सांगायचं होतं. तुम्ही मात्र थांबला नाहीत."

"तुम्ही मला टोकायचं होतंत."

"टोकलं असतं तर तुम्ही मला कविता म्हणून दाखवली असती," बाई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, म्हणून मलाही हसता आलं नाही.

ती खाट त्यांनी या महिनाअखेरपर्यंत धरून ठेवली आहे. दुसरं एक कुटुंब वाट बघतंय. बाईंनी मला स्पष्ट सांगितलं, "तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजून घेईन. पण मिस्त्रींना विचारून काय ते सांगा."

आता तुला जे खरं सांगायचं आहे ते. आईला दिलेला शब्द वगैरे सगळं ठीक आहे. पण बाळ माझ्याशिवाय राहू शकणार नाही, असं मी जगाला सांगत आलो, त्यातल्या माणसांची अदलाबदल करून वाच. सकाळी त्याच्या खोकल्याने मला जाग येते. मी कविता म्हणतो तेव्हा तो ऐकतो. कळो न कळो, उठून जात नाही. दुसरं कोण ऐकतं आता? त्याचा सदरा, त्याचं दूध, त्याचे बूट, यांत माझा दिवस उभा आहे. तो गेला की मी सकाळी उठून करायचं काय?

तरी विचारलं. काल संध्याकाळी, स्वयंपाकघराच्या टेबलावर. बाई करतात तसे कागदाचे कोपरे चिकटवले, खाली पांढरी पट्टी लावली, ब्रश त्याच्या हातात दिला. त्याने तीच खोली काढली. पिवळं, तपकिरी, निळं. मी कागदाला हात लावला नाही, पण तोंडाला आवर घालता आला नाही. विचारलं, "बाळ, आणि दादाची खाट?"

काय आशेने विचारलं असेल, तुला सांगायला नको. एक तिसरा आकार मागत होतो, कुठल्याही रंगाचा, कोपऱ्यात असला तरी चाललं असतं.

त्याने बराच वेळ ब्रश पाण्यात हलवला. माझ्याकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं. मग काळा रंग घेतला आणि तपकिरी खाटेच्या अगदी जवळ चार बारीक पाय काढले, त्यावर बैठक, मागे टेकायला पाठ. सावकाश. पाठ वाकडी झाली, ती पुसून पुन्हा सरळ केली. ब्रश ठेवला आणि म्हणाला,

"खुर्ची."

तुला माहीत आहे त्याचे शब्द किती थोडे आहेत. हा मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी विचारलं, "माझी?" तर त्याने माझी बाही धरून त्या खुर्चीवर माझं बोट टेकवलं आणि दाबून धरलं.

मी पट्टीवर 'खुर्ची' लिहिलं. पुढे काही लिहिलं नाही.

बाईंना आज सकाळी होकार कळवला. एक तारखेला बाळ तिकडे जाईल. तुला विचारायला हवं होतं, पण तू वर्षापूर्वीच सांगून ठेवलं आहेस, असं मी धरून चाललोय. धरू ना?

जमलं तर एक तारखेला ये. मी त्याची बॅग भरीन, त्याच्यासमोर, त्याला हवं ते विचारून. निळा स्वेटर नको म्हणाला तर नको. तू आलीस तर एवढंच कर, दारात मला रडू फुटलं तर माझ्याकडे बघू नकोस, त्याच्याशी बोलत राहा. आणि त्याला आपण तिथे सगळ्यांसमोर 'बाळ' म्हणायचं की 'मिस्त्री', ते त्यालाच विचारू.

संध्याकाळी घरी आपण दोघंच असू. गेल्या वर्षी ओट्यावर अर्धवट टाकून गेलीस ते बोलणं पूर्ण करायचं असेल तर कर, मी मध्ये बोलणार नाही.

बुधवारी आणि रविवारी दुपारी भेटीची वेळ असते. तेव्हा फोन केलास तर मी घरी सापडणार नाही.

तुझा, आणि आता भेटीच्या वेळेतला,
दादा