शिशावरचा उतारा

४ फेब्रुवारी

आले एकदाची! खोली वरच्या मजल्यावर आहे. जिना इतका अरुंद की सुटकेस आणि मी एकदम चढूच शकलो नाही. आधी तिला ढकललं, मग मी. खिडकीतून बंद पडलेला कारखाना दिसतो. तिथे जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. या गल्लीतल्या प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी तिथे कामाला होतं. कारखाना बंद झाला, पण शिसं काही घर सोडून गेलं नाही. ते हाडांत मुरलंय. ते बाहेर काढणं हेच माझं काम. आमच्या सरांनी एका झुडपाच्या पानांतून असा अर्क काढलाय, की तो शिशाला धरतो आणि लघवीवाटे बाहेर नेतो. उंदरांवर जमलं, आता सगळ्या परवानग्या घेऊन माणसांवर. आणि इतक्या मोठ्या कामाला सरांनी मला निवडलं! आईला फोन करून तीनदा सांगितलं.

घरमालकीण म्हणजे काकू. त्यांची मनगटं लुळी पडलीयत, कप दोन्ही तळव्यांमध्ये दाबून उचलतात. तरी मला बसवून गरम जेवायला वाढलं. म्हणाल्या, आमचं काय, आमच्या गोवऱ्या मसणात गेल्या, पण गोटीला तेवढं बरं करा. गोटी त्यांची नात. मागच्या वर्षी घडाघडा वाचायची म्हणे, आता अक्षरं विसरते आणि पोट धरून कोपऱ्यात बसते. मी छातीठोकपणे म्हटलं, करते की!

१२ फेब्रुवारी

अर्क सुरू झाला. पानं डोंगरावरून पोत्यांतून येतात. गल्लीच्या टोकाला आम्ही छोटी प्रयोगशाळा थाटलीय, तिच्या मागच्या खोलीत मी ती उकळते, गाळते, आटवते. चव अशी की पिणाऱ्याने सात पिढ्यांचा उद्धार करावा. लोक तोंडं वाकडी करायला लागले, म्हणून रोज सकाळी सगळ्यांसमोर आधी मी पिते. भट्टीवर काम केलेले एक आजोबा आहेत, महाबोलके. ते म्हणाले, एवढं वाईट लागतंय म्हणजे औषध अस्सल आहे. गोटीने माझ्याशी सौदा केलाय: मी जीभ बाहेर काढून दाखवली तरच ती पिणार. काढते बापडी.

५ मार्च

या वेळची पोती बुरशीने भरलेली निघाली. सरांना फोन केला. ते म्हणाले, मध्ये खंड पडला तर सगळी मेहनत पाण्यात जाईल, काहीही करा. डोक्याला हात लावून खिडकीत बसले, आणि समोर काय! कारखान्याच्या मागे त्याच झुडपाचं लांबलचक कुंपण. पानं तळहाताएवढी, हिरवीगार, डोंगरावरची त्यांच्यापुढे किरकोळ. आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन! दुपारपर्यंत दोन पोती कापली. पोरंबाळं बघायला जमली होती, आजोबा फांद्या वाकवून देत होते. पानं कुठली, ते सरांना कळवलं नाही. कळवायचं काय त्यात, झुडूप तर तेच.

२० मार्च

आकडे आले! सगळ्यांच्या लघवीत शिसं कितीतरी पटींनी वाढलंय. म्हणजे बाहेर पडतंय, धो धो बाहेर पडतंय! सर फोनवर चक्क हसले. मी त्यांच्या हाताखाली आले तेव्हापासून हे पहिल्यांदाच ऐकलं. आजोबा घरोघरी सांगत फिरले. काकूंनी त्यांच्या लुळ्या हाताची मागची बाजू माझ्या गालावरून फिरवली. मला रडूच आलं.

२९ मार्च

गोटी सारखी ओकतेय. काकूंनी विचारलं, बाई, हे असं होणारच का हो? घाण निघताना त्रास होतोच, असं मी सांगितलं. आणि मात्रा थोडी वाढवली.

माझ्याही तोंडाला नाणं चोखल्यासारखी चव येते. डोकं ठणकतं. काम फार झालंय, दुसरं काही नाही.

४ एप्रिल

शिसं मोजायच्या यंत्रावर चुकून वेगळी बाटली लागली. लघवीची समजून अर्काची लावली. आकडा बघून वाटलं, यंत्र बिघडलं. पुन्हा लावली. तोच आकडा.

सगळ्यांची लघवी तपासली. अर्क कधी तपासलाच नाही.

जे झुडूप शरीरातलं शिसं धरतं ते मातीतलं सोडेल? तेही कारखान्याच्या मागच्या मातीतलं? शाळेतल्या पोरालाही सुचलं असतं. लघवीत शिसं वाढलं, कारण ते मीच पाजत होते. गोटीला जास्त पाजलं. तेही शाबासकी देऊन.

मेल्याहून मेल्यासारखं झालंय.

५ एप्रिल

सरांना सांगितलं. म्हणाले, गुपचूप बंद करा, तूर्तास कुणाला काही सांगू नका, बघू पुढे.

मला हायसं वाटलं. हेच लिहायची लाज वाटतेय. सांगावं लागणार नाही म्हणून हायसं वाटलं मला.

गल्लीत सांगितलं, साठा संपला.

८ एप्रिल

सकाळपासून घराघरांतून तोच वास. लोक घरी उकळतायत. कुठून कापायची, किती आटवायची, सगळं माझंच बघून शिकलेत.

धावत गेले. सगळ्यांना गोळा करून म्हटलं, घेऊ नका, ही पानं बाधतात. आजोबांनी डोळा मारला. म्हणाले, आता गुण येतोय म्हटल्यावर बाटल्यांत भरून श्रीमंतांना विकणार असाल, आम्ही काय दूधखुळे आहोत? सगळे हसले. हसताना हिरड्या दिसल्या. प्रत्येकाच्या हिरडीवर दातांच्या कडेने शिशाची निळी-काळी रेघ. एकूण एक.

मी तुम्हाला विष पाजलं, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाशी आलं होतं.

मीही हसले त्यांच्याबरोबर.

१० एप्रिल

आरशात पाहिलं. माझ्याही—

कुंपण संपलं. नुसते खुंट उरलेत. दोन ठिकाणी मुळंसुद्धा उकरून नेलीत.

गोटीला दुपारी झटका आला. इस्पितळात फोन लावला. तिकडून विचारलं, मुलीला काय दिलं होतं, कुणी दिलं, तुम्ही कोण बोलताय.

फोन ठेवला.

मी ठेवला. फोन. काकूंना म्हटलं, लागत नाही.

११ एप्रिल

पेन बोटांत राहत नाही. मनगट खाली पडतं— पायही तसेच, जिन्याची पायरी चढवत नाही, उतरवत नाही.

खाली गोटी रडतेय. रडतेय तोवर ठीक आहे.

काकूंना हाक मारली तर येतील. लगेच येतील. हाक मारत नाही मी. निर्लज्ज, निर्लज्ज— उद्या सांगते. उद्या नक्की.

१२ एप्रिल

रडणं थांबलं.

काकू वर आल्या. वाटी दोन्ही तळव्यांमध्ये दाबून— एकेक पायरी— न सांडता. म्हणाल्या, तुमचे उपकार कसे फेडू, पोर कशी शांत झोपलीय, हाका मारल्या तरी उठत नाही. शेवटचा घोट तिच्यासाठी होता, पण ती तोंडच उघडेना, म्हणून तुमच्यासाठी आणला. तुम्हीही आजारी. तुम्हाला कोण आहे इथे बघायला.

गोटीचा— मला—

मी तोंड उघडलं. सांगायलाच उघडलं होतं, आईशप्पथ, सांगायलाच, आणि काकूंनी वाटी—