टाकीवरचं नाव

४ मार्च
आले एकदाची. प्रयोगशाळा बंदराला लागूनच आहे. खोली लहान, पण खिडकीतून जहाज दिसतं, ध्रुवाजवळच्या समुद्रातून गाळ आणि त्यातले कृमी घेऊन आलेलं. त्यातले नवे ओळखून त्यांना नाव द्यायचं, हे माझं काम. प्रमुखबाईंनी चहासुद्धा न विचारता दोन नियम सांगितले. स्वतःचं नाव कृमीला देणं म्हणजे हावरटपणा. आणि जिवंत प्राण्याला फक्त नंबर, नाव द्यायचं ते स्पिरिटच्या बरणीत गेल्यावर. बाई असं बघतात की आपण काहीतरी चोरलंय असं वाटावं. असो, आपल्याला कृमींशी मतलब.

९ मार्च
गार टाकीतला एक कृमी आजवर कुणी पाहिलेलाच नाही. बोटाएवढा, पांढरट, कडेने केसांचे झुपके, आणि डोळ्यांच्या जागी काहीच नाही. आनंद पोटात मावेना. टाकीवर चिठ्ठी चिकटवून धाकट्या बहिणीचं नाव लिहिलं. बरणीत जाणारच आहे, मग आज काय आणि उद्या काय. फोनवर धाकटी म्हणाली, लोक बहिणीला कानातलं देतात, तू किडा दिलास. पण हरखली होती.

१२ मार्च
धाकटीला थंडी भरलीय. ताप नाही. आई म्हणते, कितीही पांघरुणं घाला, अंग गारच, आणि उशी भिजते ती खारट पाण्याने. कृमी मात्र चांगलाच फुगलाय. धाकटीशी फोनवर बोलता बोलता मी काचेवर टिचकी मारली. ती म्हणाली, कपाळावर कुणीतरी टकटक करतंय.

१४ मार्च
शेजारच्या टेबलावरच्या चष्मिसने कपाटातली एक बरणी दाखवली. चिठ्ठीवर बाईंच्या नवऱ्याचं नाव. बाईंनीही ते नाव कृमी जिवंत असतानाच दिलं होतं म्हणे. तो स्पिरिटमध्ये गेला त्याच दुपारी नवरा जेवता जेवता गेला. तोंडाला स्पिरिटचा वास, आणि माणूस दारूला कधी शिवला नव्हता.

मी बाईंच्या हातापाया पडले. त्या म्हणाल्या, बरणीत प्राणी नसेल तर नवी जात मानणार कोण? काम नवऱ्यासाठी थांबलं नाही, तुझ्या बहिणीसाठी काय थांबणार. उद्या सकाळी तो बरणीत.

१५ मार्च
पळवून नेता येत नाही. गार पाण्याबाहेर तो मरणारच, आणि मग ती—

चिठ्ठी फाडली. उपयोग नाही. आई रडतेय, धाकटी आता बोलत नाही. दुसरं नाव द्यायला हवं. बाईंचं लिहायला पेन टेकवलं. नाही लिहवलं. मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय.

पहिला नियमही मोडला. हावरट तर हावरट.

आईचा फोन. धाकटी उठून बसली, गरम दूध मागतेय. मी रडले.

बोटं गार. पेन धरवत नाही. ओठ खारट—

तो काचेला चिकटलाय. डोळे नाहीत, तरी माझ्याकडेच—

बाई आल्या. हातात बरणी. चिठ्ठी वाचली. झाकण काढतायत. धाकटीला हे कधी कळू नये, तिला वाटेल तिच्यामुळे—

वास येतोय. नाकात, आता घशा—