कडू मोरावळा

अण्णा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमचा दवाखाना अजून चालू आहे. खालच्या खोलीला कुलूप आहे, खलबत्ते माळ्यावर गेले, रोगी बसायचे त्या बाकाला आता शेजाऱ्यांची सायकल टेकलेली असते. पण मी संकठा घाटाच्या गल्लीतून निघाले की कुणी ना कुणी अडवतंच. "बिटिया, बैदजी होते तो एक पुड़िया में ठीक कर देते." फुलवाला म्हणतो, नावाडी म्हणतो, दूध घालणारा तर कॅन खाली ठेवून म्हणतो. मेल्या म्हशीला मणभर दूध! तुम्ही होतात तेव्हा हीच मंडळी तुमच्या काढ्याला नाकं मुरडून चौकातल्या इंजेक्शनवाल्याकडे पळायची, आणि तुम्ही ओट्यावरून बघत मिशीतल्या मिशीत हसायचात. आता तुमच्या हाताला असा गुण आलाय की मेंदूतली गाठसुद्धा एका पुडीत विरघळते. हे सगळं मी रोज ऐकून घेते आणि हसून पुढे जाते.

गाठ माझ्या लेकीच्या डोक्यात होती. तुम्ही तिला पाहिलं नाहीत. आठ वर्षांची आहे, घरात माझ्याशी मराठी बोलते आणि रुसली की हिंदीत जाते. सकाळी उठली की उलटी करायची, चालताना भिंत धरायची. मग तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं, आता केमो चालू आहे. केस गेले, तोंड आलंय, वरणभातसुद्धा झोंबतो. डॉक्टरीणबाई म्हणतात की आशेला जागा आहे, चांगली जागा आहे, फक्त पुढचे डोस वेळेवर गेले पाहिजेत. माझं सगळं आयुष्य सध्या त्या 'वेळेवर'ला टांगलेलं आहे.

आणि नेमक्या याच वेळी साऱ्या काशीला वैद्यकी सुचली आहे. कुणी गोमूत्र आणतं, कुणी गुळवेलीची कांडी, कुणाचा मावसभाऊ फोनवरून ऊर्जा पाठवतो. शाळेतल्या माझ्या सहकारी बाईंनी तर पपईच्या पानांचा रस थर्मासमध्ये भरून आणला होता. नाही म्हटलं की तोंडं उतरतात. "आपल्याच घरातली विद्या, आणि तुझाच विश्वास नाही?" मला ओरडून सांगावंसं वाटतं की बाई, माझा विश्वास कुठे आहे हे बघायला आत्ता मला सवड नाही. मी एकदा सगळ्याची यादीच डॉक्टरीणबाईंना ऐकवली. मला वाटलं चिडतील. त्या शांतपणे म्हणाल्या, "पूजा कीजिए, मालिश कीजिए, जो मन को अच्छा लगे सब कीजिए. लेकिन जो पेट में जाएगा, वो पहले मुझे दिखाइए." इतकं सोपं. घरी येऊन मी हे सगळ्यांना सांगितलं, आत्याला दोनदा सांगितलं. तिनं मान डोलावली.

आत्या म्हणजे तुमची धाकटी बहीण, जिनं जन्मभर तुमची औषधं कुटली. आता तिच्या गुडघ्यांत बळ नाही, तरी दर शुक्रवारी संकठादेवीची ओटी भरायला काठी टेकत जाते आणि माझ्या लेकीसाठी नवस बोलून येते. मी शाळेत गेले की लेकीपाशी तीच असते. तिच्यावाचून माझं पान हलत नाही, म्हणून तर चिडायचीही चोरी.

मागच्या डोसाआधी रक्त तपासलं आणि यकृताचे आकडे भलतेच चढलेले निघाले. डॉक्टरीणबाईंनी कागद खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "बाहर का कुछ दे रहे हैं?" मी छातीठोकपणे नाही म्हटलं. डोस पुढे ढकलला गेला. परत येताना रिक्षात लेक माझ्या मांडीवर आडवी झाली होती. ती म्हणाली, "आई, आज डोस नाही तर मोरावळा पण नको ना? आत्याआजीचा मोरावळा बहुत कड़वा है."

अण्णा, मोरावळा कडू कसा असेल?

घरी आले आणि तडक स्वयंपाकघरात गेले. मोरावळ्याच्या बरणीमागे तुमची ती तपकिरी बाटली, बुचाला दोरा बांधलेली. तुम्ही यकृताच्या रोग्यांना द्यायचात ते चूर्ण, तुमच्याच कृतीनं, तुमच्याच मापानं आत्यानं नव्यानं कुटलेलं. मी बाटली तिच्यासमोर आदळली. ती जराही गडबडली नाही. "अगं, ही काय दवा आहे? दादाचं चूर्ण ते. घरचं. पोरगी इतकी जहरी सुई घेते, तर जिगर नको का सांभाळायला?" मी म्हटलं, "डोस चुकला, आत्या. तुझ्या चूर्णापायी असेल, नसेल, आता कुणीही सांगू शकत नाही. पण डोस चुकला." तिचा चेहरा पांढरा पडला. पण हार मानेल तर ती तुमची बहीण कसली. म्हणाली, "दादा असता तर त्यानंच दिलं असतं."

मग मीही तुम्हालाच बाहेर काढलं. पंचगंगा घाटावरच्या त्या नावाड्याचा मुलगा आठवतो? मी तेव्हा फ्रॉकमध्ये होते, पायरीवर बसून पाटी पुसत होते. बाप मुलाला खांद्यावर घेऊन आला, म्हणाला सकाळी ओकतो, डोकं धरून रडतो. तुम्ही त्याची नाडी बघितलीत, मग पापण्या वर करून डोळे बघितलेत, आणि खल बाजूला सारलात. "इसकी दवा मेरे पास नहीं है." बाप पाया पडायला लागला तेव्हा त्याच्यावर खेकसलात, आणि चपला घालून त्याच्याबरोबर स्वतः मोठ्या इस्पितळात गेलात. मागून आत्या म्हणत होती, दादा, आल्या रोग्याला असं परत पाठवलं तर लोक काय म्हणतील? परत आल्यावर तुम्ही तिला रागावलात. "आपल्याला काय येत नाही, हे ज्याला कळतं तो वैद्य." हे सगळं मी आत्याला शब्दाशब्दानं ऐकवलं. वाटलं, आता तिची बोलती बंद.

तिनं बाटलीचा दोरा पुन्हा बुचाला गुंडाळला. मग हळूच म्हणाली, "आणि वहिनीच्या वेळी?"

आईच्या वेळी इस्पितळाच्या गोळ्या चालू होत्या आणि तुम्ही काढाही देत होतात. पहाटे उठून स्वतः उकळायचात, आत्यालासुद्धा हात लावू द्यायचा नाहीत. डॉक्टरांना सांगितलं होतंत की नाही, कोण जाणे. आई गेली. तिला कशानं जास्त दिवस मिळाले, कशानं कमी झाले, ते तुम्हालाही कळलं नसणार. मी बाटली उचलून मोरीत रिकामी केली. ती बघत राहिली आणि पदर डोळ्याला लावून रडली. मीही रडले, पण मी रागानं रडले.

पुढच्या तपासणीत आकडे उतरले आणि डोस गेला. आता आत्याला मी दुसरं काम दिलंय, डॉक्टरीणबाईंना विचारून. संध्याकाळी ती काशाची वाटी काढते, तूप लावून लेकीचे तळपाय घासत बसते. वाटी काळी झाली की दाखवते, "बघ, किती उष्णता निघाली." मी वाद घालत नाही. लेकीला गुदगुल्या होतात, मग ती हसता हसता झोपते. तेवढ्यासाठी मी काय वाटेल ते कबूल करीन.

हे पत्र घालायला पेटी नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. गल्लीत आता कुणी तुमचं नाव काढलं की मी ताडकन सांगते, बैदजी असते तर त्यांनीच नको म्हटलं असतं. लोक आपापल्या वाटेला लागतात. पण तुम्ही काय म्हटलं असतंत ते मला माहीत नाही. नावाड्याच्या मुलापुढे तुम्ही वैद्य होतात, आईपुढे नव्हतात, आणि ही तर तुमची नात. मला एवढंच माहीत आहे की तुम्ही तिची नाडी धरून, डोळे मिटून, नेहमीसारखं नुसतं "दे" म्हटलं असतंत, तर मी दिलं असतं, अण्णा. डॉक्टरीणबाईंना न विचारता.